म्हशीला बातम्या ऐकवल्या, तनूला काय ऐकवू?

पावसाळा सरला की आमच्या वाडीच्या पायवाटेला कमरेएवढं गवत असतं. वर जाऊन खाली आलं की साडीच्या काठाला ही कुसळं! एक उपटायला बसावं तर शेजारी दहा दिसतात. लहानपणच्या किश्शांचं तसंच आहे. कधी चिकटले ते कळत नाही, आणि एक काढला की बाकीचे टोचायला लागतात.

माझी कुसळं निघायला लागली ती महाडला, कानाच्या दवाखान्यातल्या बाकड्यावर.

माझी मुलगी तनू, पाच वर्षांची. बोलते, पण अर्धे शब्द गिळते. पाठमोरी असली की हाकेला ओ देत नाही. सगळे म्हणायचे, "हट्टी आहे हो, दुसरं काही नाही." मी तिच्या मागं उभी राहून टाळ्या वाजवून बघायची, चमचे पाडून बघायची. भांडं पडलं की वळायची, चमचा पडला की नाही. शेवटी तपासणी केली.

तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "मोठे आवाज तिला येतात. हळू आवाज पोचत नाहीत. दोन्ही कानांना मशीन लावू. पण ती कानात राहिली पाहिजे. मुलं काढून टाकतात, मग काही उपयोग होत नाही. आणि घरी तिच्याशी भरपूर बोला. गाणी म्हणा, गोष्टी सांगा, पुस्तकं वाचून दाखवा."

मी मान हलवली आणि मनात घाबरले. माझं शिक्षण सातवी. माहेर आंबेनळीच्या बाजूला डोंगरावरची धनगरवाडी, माणसांपेक्षा म्हशी जास्त. गाणी, पिक्चर, पुस्तकं असलं आमच्याकडं कुठून असणार?

घरी येऊन तनूच्या पप्पांना सांगितलं. ते नुकतेच कंपनीतून ड्युटी करून आले होते. म्हणाले, "भरपूर बोला म्हणाल्या? अगो, तू अजून किती बोलणार!"

मग मीच आठवत बसले, मला लहानपणी कुणी काय ऐकवलं ते.

*

आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा एक रेडिओ होता. गोठ्यात खुंटीला टांगलेला असायचा. सकाळी दूध काढायच्या वेळेलाच बातम्या लागायच्या. आमची चांदी नावाची म्हैस त्या ऐकत पान्हा सोडायची. बातम्यांतल्या बाई "नमस्कार" म्हणाल्या की हिनं डोळे मिटलेच!

एकदा सेल संपले. पोलादपूरला उतरल्याशिवाय सेल मिळायचे नाहीत. आबा कासेखाली बसले, चुचकारलं, पेंड घातली. चांदी ढिम्म!

"सुमे, तू काहीतरी म्हण गो," आबा म्हणाले.

मी शाळेतली कविता म्हटली. चांदीनं शेपटी फिरवून माझ्या तोंडावर मारली.

दारात आमची भागीआत्या उभी होती. आबांची ही बहीण तरुणपणीच सासर सोडून माहेरी आलेली, आणि तेव्हापासून आमच्या घरात तिचंच राज्य. ती म्हणाली, "तिला गाणं कशाला? तिला बातम्या पायजेत!"

मी घसा साफ केला आणि त्या बाईंच्या आवाजात सुरू केलं, "नमस्कार. ठळक बातम्या. भागीआत्याच्या कोंबडीनं काल शेजारच्या परड्यात अंडं घातलं. अंडं शेजारणीनं उचललं. भागीआत्यानं या घटनेचा तीव्र निषेध केला आहे."

चांदीनं डोळे मिटले. चरवीत धार वाजली.

"बघ!" आत्या म्हणाली. "बातमी खरी हाय, म्हणून सोडला पान्हा!"

पुढं आबा दोनदा पोलादपूरला जाऊन आले, पण सेल काही आणले नाहीत. आईनं विचारलं तर म्हणाले, "कशाला? ह्या बातम्या बऱ्या हायत. आपल्या वळखीच्या तरी हायत!"

*

आमचं घर कुडाचं. फटीतून वारा यायचा. बाळूदादा, माझा चुलतभाऊ, मुंबईला भांडुपला कामाला. तो गावी येताना रद्दी घेऊन यायचा आणि आई ती पिठाची खळ लावून कुडाला चिकटवायची. माझं पहिलं वाचन ते. घरातली पश्चिमेची भिंत मी सगळी वाचली आहे!

त्या भिंतीवर एक गोष्ट होती. एक मुलगी पावसापाण्यातून एका बंगल्यापाशी येते, दार वाजवते, आतून पावलं ऐकू येतात. शेवटची ओळ होती, "दार उघडलं आणि तिने पाहिलं की समोर"

आणि पुढं कणगी! नाचणीनं गच्च भरलेली, भिंतीला टेकून. ती कोण हलवणार? मी कणगीमागच्या फटीला डोळा लावायची. काळोखाशिवाय काही दिसायचं नाही.

विचार करकरून मला एकच उपाय सापडला. कणगी रिकामी झाली पाहिजे. मी जेवायला बसले की भाकरी मागून घ्यायला लागले. पोट भरलं तरी अजून अर्धी! आई सगळ्यांना सांगायची, "पोर अंगाला लागायला लागलंय गो माझं!" मी कोंबड्यांनाही आईची पाठ वळली की मुठीनं नाचणी टाकायची.

जेठ महिन्यात एकदाची कणगी तळाला गेली. आबांनी ती बाजूला सरकवली. मी धावले.

मागं नुसता कूड. शेणामातीचा. कागदच नाही!

मी रडायलाच लागले. "आई, इथला कागद कुठाय?"

आई म्हणाली, "कणगीच्या मागं कोण बघतंय? तिथं कशाला कागद फुकट घालवू? तिथवर आला, कापून टाकला!"

ती मुलगी अजून दारात उभी आहे. मी मात्र त्या वर्षी चांगली जाड झाले.

*

हा किस्सा मी तनूला सांगितला तेव्हा ती माझ्या ओठांकडं बघत होती. मी पोट फुगवून दाखवलं तशी हसली. हसली ती ऐकून की बघून, तेच कळेना. मी पाठ फिरवून परत सांगितला. तोवर ती बाहेर खेळायला गेली होती.

*

शाळेत पुस्तकांची पत्र्याची पेटी होती. सहावीत असताना गुरुजींनी मला त्यातलं एक जाड पुस्तक घरी न्यायला दिलं. दुपारी वाडीतल्या बाया आमच्या अंगणात हिरडा फोडायला बसायच्या. आत्या म्हणाली, "एकटी काय वाचतेस मनात? मोठ्यानं वाच. आमचे कान मोकळेच हायत."

पुस्तकात एक सून होती. सासरी तिचे फार हाल. मी वाचायची आणि हिरड्यावर दगड जोरात पडायला लागायचे.

"थांब गो," आत्या म्हणायची. "तिला जेवायला दिलं का नाय?"

"नाय अजून."

"मग पटापट वाच की! पोर उपाशी हाय आणि तू शब्द लावत बसलीस!"

वाचता वाचता दिवाळी आली. पुस्तकातली. त्या सुनेचा भाऊ न्यायला आला आणि ती माहेरी गेली. आईनं तिला न्हाऊ घातलं, पुढ्यात ताट वाढलं. मी पान उलटलं.

"बंद कर," आत्या म्हणाली.

"अगो आत्या, पुढं खूप हाय अजून."

"असू दे. आत्ता कुठं आली हाय. राहू दे तिला चार दिवस!"

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक काढलं. "आज नको." त्याच्या दुसऱ्या दिवशी, "आज तर बिलकूल नको!" बायांना मी पुढं काय होतं ते हळूच सांगायला गेले, तर त्यांनीच माझं तोंड दाबलं. वाचायचंच असेल तर ते ताटाचं पान परत वाच म्हणाल्या. ते मी इतक्यांदा वाचलं की ताटात काय काय होतं ते आजही सांगेन.

एक दिवस गुरुजींनी विचारलं, "सुमन, पुस्तक संपलं का?"

"नाही गुरुजी. ती अजून माहेरीच आहे. आत्या पाठवत नाय."

गुरुजींनी पत्र्याची पेटी बंद केली. मग म्हणाले, "बरं. शिमग्यापर्यंत असू दे तुमच्याकडं."

*

बाळूदादानं एकदा टेप आणला. त्यासोबत एकच कॅसेट, त्यात एक लग्नाचं गाणं. सनईसकट, फार गोड. कुणीतरी बटणं दाबता दाबता रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं. कुणी दाबलं ते आजपर्यंत कबूल कुणी केलं नाही. आणि नेमकी तेव्हाच आई परड्यातून ओरडली.

झालं! तेव्हापासून ते गाणं वाजलं, की नवरी उंबरठ्याशी येते, सनई चढते, आणि मध्येच, "सुमे! अगो म्हशी नाचणीत शिरल्या! मेलीस काय?"

आणि पुन्हा सनई.

वाडीत दुसरी कॅसेट नव्हती. त्यामुळं प्रत्येक लग्नात, डोंगरभर ऐकू जाईल अशा कर्ण्यावर तेच! पाहुणे दचकायचे. आमच्या माणसांना सवय झाली होती. तेवढ्यापुरते सगळे मिळून ओरडायचे, "आले गो आई!" आणि पुन्हा नाचायला लागायचे.

माझ्या लग्नातही तीच लावली. त्या ठिकाणी सगळा मांडव माझ्याकडं बघायला लागला. मुंडावळ्या बांधलेल्या होत्या, पण काय करणार? म्हटलं, "आले गो आई!" तनूचे पप्पा त्या वेळी आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज ऐकत होते.

आता महाडच्या बाजारात कधी ते गाणं लागतं. चांगलं स्वच्छ असतं. मी पिशवी धरून उभी राहते, सनई चढते, नवरी सरळ आत निघून जाते. मला उगीच चुकल्याचुकल्यासारखं होतं.

*

पिक्चर मी पहिला पाहिला तो भरदुपारी, शाळेत. मे महिन्यात मुंबईकर मंडळी टीव्ही, सीडीचं मशीन आणि जनरेटर घेऊन आली. शाळा खाली, रस्त्याला, जिथून एसटी परत फिरते तिथं. उजेड येऊ नये म्हणून खिडक्यांना सगळ्यांची घोंगडी लावली होती. आत भट्टी! पण कुणी हललं नाही.

दुपारची एसटी आली. गाडीला परत फिरायला वेळ होता, म्हणून ड्रायव्हर दारात येऊन उभे राहिले. पिक्चर रंगात आला होता. हिरोला गोळी लागली, तो जमिनीवर पडला, त्याची आई लांबून धावत येतेय, आणि फट्दिशी टीव्ही बंद! जनरेटरचं डिझेल संपलं.

वर्गात एकच आकांत. माझी आई पदर तोंडाला लावून हुंदके देतेय, आत्या मुंबईकरांना शिव्या देतेय, "मारलात त्याला! डिझेल घालायला काय झालं होतं रे तुम्हाला!"

ड्रायव्हर आत आले. खाकी शर्टाची कॉलर नीट केली. म्हणाले, "रडू नका. मी हा पिक्चर महाडला बघितलाय. पुढचं सांगतो."

आईनं पदर तोंडावरून काढला.

"आई येते. त्याला मांडीवर घेते. तेवढ्यात डॉक्टर येतो. गोळी नुसती चाटून गेलेली असते."

"जगतो?" आईनं विचारलं.

"जगतो म्हणजे काय! ठणठणीत. लग्न होतं त्याचं." ड्रायव्हरनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "आणि मग त्याला एसटीत नोकरी लागते. कायम!"

आत्यानं हात जोडले. वर्ग सुटल्यासारखे सगळे आनंदानं वर गेले.

लग्नानंतर तो पिक्चर मी इथं सासरी टीव्हीवर पूर्ण पाहिला. हिरो आईच्या मांडीवर मरतो. माझ्या सासूबाई रडत होत्या. मी काही रडले नाही. म्हटलं, ह्या पिक्चरवाल्यांना पुढचं माहीतच नाही!

*

मार्च सरता सरता तनूला मशीन बसली. बोराएवढी, कानामागं अडकवायची. मॅडमनी चालू केली तशी तनूनं दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि ओरडायला लागली.

तिथून आमचं युद्ध सुरू झालं. मी घालायची, ती काढायची. मशीन चपलेत सापडली, पिठाच्या डब्यात सापडली, एकदा शेजारच्या मांजराच्या दुधात पडता पडता वाचली. मी समजावलं, ओरडले, एकदा मारलंही, आणि मग तिच्याआधी मीच रडले. जूनमध्ये पहिलीची शाळा सुरू होणार. बाई फळ्याकडं तोंड करून बोलणार, आणि माझी पोर कुणाच्या ओठांकडं बघणार?

मॅडम म्हणाल्या, "इथं रस्त्यावर आहे तुमचं घर. गाड्यांचा गोंगाट एकदम अंगावर येतो तिच्या. काही दिवस शांत जागी न्या."

शांत जागा म्हणजे आमची वाडी! मे महिन्यात मी तनूला घेऊन वर गेले.

वाडीला बातमी आधीच पोचली होती. सगळे आपापली तयारी करून बसले होते. बाळूदादा मुंबईहून स्पीकर घेऊन आला होता. "एकदम क्लिअर साउंड हाय सुमे, बघच तू!" त्यानं लावला. तनूनं मशीन काढून त्याच्या हातात दिली. आबांनी देवळात नेऊन घंटा वाजवली. मशीन गाभाऱ्यासमोर. आईनं मांडीवर घेऊन ओव्या म्हटल्या. तनूनं एका हातानं मशीन काढली आणि दुसऱ्या हातानं आईचं तोंड झाकलं.

"राहू दे आता," आबा म्हणाले. "पोरीला नको हाय ते."

"नको कसं, आबा?" माझा आवाज चढला. "नको म्हणून चालेल का? जन्म काढायचाय तिला!"

भागीआत्या चुलीपाशी बसली होती. आता तिला फार दिसत नाही. म्हणाली, "माझ्याकडं काय हाय गो ऐकवायला? मी आपल्या आठळ्या भाजते."

फणसाच्या आठळ्या निखाऱ्यात घालायच्या आधी त्यांना सुरीनं चीर द्यावी लागते. नाहीतर आत वाफ कोंडते आणि त्या फुटतात. आत्या चाचपून चाचपून चिरा देत होती आणि निखाऱ्यात टाकत होती.

मी तनूला चुलीपासून जरा लांब, माझ्या मांडीत धरून बसवलं आणि पुन्हा मशीन घातली. ती रडायला लागली. हात कानाकडं गेला.

निखाऱ्यातून बारीक आवाज आला. स्स्स... आणि फट्!

आत्याच्या हातून दोन-तीन आठळ्या चीर न देता तशाच गेल्या होत्या.

तनूचा हात कानाशीच थांबला. रडणं थांबलं. ती निखाऱ्यांकडं बघत राहिली. पुन्हा, अगदी बारीक, मलाही नीट येईना असं, स्स्स... तिनं मान पुढं काढली. फट्!

माझा जीव कुठं राहतोय? मी लगेच सुरू झाले, "तनू, ती आठळी हां, फणसातली, तिच्यात ना वाफ कोंडते आणि मग..."

"आई, गप!"

बाळूदादानं मोबाईल बंद केला. आबांनी दारातल्या करडाचं तोंड हातात धरलं. मी बांगड्या मुठीत आवळल्या. आई तर पाण्याचा तांब्या घेऊन वाकली होती, ती तशीच वाकून राहिली.

स्स्स...

"फुटेल," तनू म्हणाली.

फट्!

ती हसली. हात कानावरून खाली आला. आम्ही सगळे निखाऱ्यांकडं बघत बसलो. पण पुढं काहीच होईना. आठळ्या नुसत्या भाजत होत्या, कडेनं काळ्या पडत होत्या. तनू वाट बघत होती. तिचा हात मांडीवरून उचलला गेला, पुन्हा कानाकडं जायला लागला.

आत्यानं हातातली सुरी खाली ठेवली. टोपलीतून ओंजळभर आठळ्या उचलल्या आणि तशाच निखाऱ्यात सोडल्या.